काळ्या पट्ट्यांआडचे आत्मकथन : व्हॅलरी प्लेम विल्सन यांचे ‘फेअर गेम’

‘फेअर गेम’ हे पुस्तक दुकानात उभ्या उभ्या चाळणाऱ्या वाचकाला क्षणभर आपल्या हाती सदोष प्रत आली आहे असे वाटण्याची शक्यता आहे. कुठे वाक्याच्या मधले चार शब्द, कुठे सबंध परिच्छेद, तर कुठे पानेच्या पाने काळ्या पट्ट्यांखाली झाकलेली आहेत. हा छापखान्याचा दोष नव्हे. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेत नोकरी केलेल्या प्रत्येकाला आपले लेखन प्रसिद्धीपूर्वी संस्थेच्या परीक्षण मंडळाकडे पाठवावे लागते, आणि त्या मंडळाने व्हॅलरी प्लेम विल्सन यांच्या हस्तलिखितातील जो जो मजकूर नाकारला, तो गाळून कथानक सांधून घेण्याऐवजी सायमन अँड शूस्टर या प्रकाशन संस्थेने त्यावर पट्ट्या मारून तो तसाच छापला. ऑक्टोबर २००७मध्ये पुस्तक बाजारात आले तेव्हा त्याच्या शेवटी पत्रकार लॉरा रोझेन यांचे दीर्घ टिपण जोडलेले होते. लेखिकेला जे सांगता आले नाही, ते आधीच उघड झालेल्या कागदपत्रांच्या आणि मुलाखतींच्या आधारे सांगण्याचे काम या टिपणावर सोपवलेले आहे, आणि त्यात लेखिकेचा स्वतःचा सहभाग नाही. अशा दोन भिन्न हातांनी लिहिलेल्या पुस्तकाकडे निव्वळ आत्मचरित्र म्हणून पाहता येत नाही. ते एका राजकीय खटल्यातील फिर्यादीचे निवेदनही आहे, आणि त्याच नजरेने ते तपासले पाहिजे.

मूळ प्रकरण आता जुने झाले आहे, म्हणून त्याची उजळणी आवश्यक वाटते. सद्दाम हुसेन यांनी आफ्रिकेतील नायजर या देशाकडून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केला की काय, याची शहानिशा करण्यासाठी सीआयएने फेब्रुवारी २००२मध्ये माजी राजदूत जोसेफ विल्सन यांना तेथे पाठवले. असा व्यवहार झाल्याचे दिसत नाही, असे त्यांनी परतल्यावर सांगितले. तरीही २८ जानेवारी २००३ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या वार्षिक भाषणात, ब्रिटिश सरकारचा हवाला देऊन, आफ्रिकेतील युरेनियमचा उल्लेख झालाच. पुढे वॉशिंग्टनमध्ये ‘ते सोळा शब्द’ एवढ्यावरच सर्वांना अर्थबोध होऊ लागला. मार्चमध्ये इराकविरुद्धचे युद्ध सुरू झाले. ६ जुलै रोजी विल्सन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आपल्या दौऱ्याची हकिकत जाहीर केली, आणि अवघ्या आठ दिवसांनी, १४ जुलै रोजी, स्तंभलेखक रॉबर्ट नोव्हाक यांनी दोन वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने लिहिले की विल्सन यांची पत्नी व्हॅलरी प्लेम ही सीआयएची अधिकारी असून पतीला नायजरला पाठवण्याची सूचना तिचीच होती. प्लेम तेव्हा सामूहिक संहाराच्या शस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या विभागात काम करीत होत्या, आणि आप्तेष्टांपैकी बहुतेकांना त्यांचा खरा व्यवसाय ठाऊक नव्हता.

त्या सकाळचे वर्णन हा पुस्तकातील सर्वांत उत्तम भाग आहे. पती वर्तमानपत्र आणून पलंगावर टाकतो, आणि तो मजकूर वाचता वाचता अनेक वर्षांची गुप्त कारकीर्द संपल्याचे तिच्या ध्यानात येते. लेखिका येथे अश्रू ढाळत नाही. आपल्या नावाशी जोडली गेलेली परदेशातील माणसे आता कोणत्या संकटात सापडतील, याचा हिशेब ती मनात मांडू लागते. गुप्तहेराच्या नोकरीतून अंगी बाणलेली ही शिस्त तिच्या गद्यातही उतरली आहे. शैली कोरडी असली तरी प्रसंगाला शोभणारी आहे. जुळ्या मुलांच्या जन्मानंतर आलेल्या नैराश्याविषयीचे प्रकरणही असेच निर्भीड आहे, आणि हेरगिरीच्या पुस्तकात त्याचे काय काम, असे विचारणाऱ्यांनी ते आधी वाचावे.

पहिल्या निम्म्या भागाविषयी मात्र इतके कौतुकाने लिहिता येत नाही. प्रशिक्षणाच्या जंगलातील कसरती रंजक आहेत, पण लेखिका परदेशी नेमणुकीवर जाते आणि नेमक्या त्याच ठिकाणी पट्ट्यांची दाटी होते. ती कोणत्या शहरात आहे, कोणते वर्ष चालू आहे, ती कोणाला भेटते आहे, यांपैकी काहीच कळत नसताना केवळ विशेषणे आणि क्रियापदे शिल्लक राहिलेला मजकूर वाचण्याचा कंटाळा येतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. रोझेन यांच्या टिपणात तेच शहर अथेन्स असल्याचे निवांतपणे सांगितलेले आढळते. याहून विलक्षण गोष्ट नोकरीच्या कालावधीची आहे. लेखिका १९८५ साली सेवेत दाखल झाल्याचे सांगणारे सीआयएचेच निवृत्तिवेतनासंबंधीचे पत्र जानेवारी २००७मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या अधिकृत नोंदवहीत छापले गेले होते; असे असूनही २००२पूर्वी आपण या संस्थेत होतो, हे स्वतःच्या पुस्तकात लिहिण्यास लेखिकेला मनाई होती. प्रकाशकासह तिने न्यायालयात दाद मागितली. ऑगस्ट २००७मध्ये निकाल विरुद्ध गेला, आणि २००९मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम केला. माहिती जगजाहीर झाली तरी संस्थेने ती अधिकृतपणे खुली केलेली नाही, असा त्यामागील तर्क होता. कायद्याच्या चौकटीत तो टिकतो, हे मान्य आहे. परंतु सरकारमधील माणसांनी पत्रकारांच्या कानी घातलेले नाव त्याच बाईने स्वतः लिहायचे म्हटले की नियमांची आठवण व्हावी, ही विसंगती पुस्तकातील कोणत्याही युक्तिवादापेक्षा या काळ्या पट्ट्या अधिक स्पष्टपणे दाखवून देतात.

आता पक्षीय भांडणाकडे वळू, कारण पुस्तक विकत घेणारा बहुधा त्याच्याचसाठी घेतो. डेमोक्रॅटिक पक्षाचे म्हणणे सरळ होते: युद्धाच्या समर्थनातील खोट दाखवणाऱ्याचा सूड म्हणून त्याच्या पत्नीचा बळी देण्यात आला. रिपब्लिकन पक्षाने त्याला एकाच वेळी अनेक उत्तरे दिली. ती मुळात गुप्त अधिकारी नव्हतीच, ती लँगली येथील सीआयएच्या मुख्यालयात टेबलावर बसून काम करणारी होती. पतीला तिनेच पाठवले आणि हे जनतेला कळणे गैर नव्हते. विल्सन स्वतःच खोटे बोलत होते. आणि शेवटी, नाव फोडल्याबद्दल कोणावरही आरोप ठेवला गेला नाही, मग गुन्हा घडला कुठे?

यांतील पहिल्या आक्षेपाचा निकाल आता लागलेला आहे. मार्च २००७मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सीआयएच्या संमतीने तिचे पद गुप्त असल्याचे सांगण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात नाव फुटल्याच्या प्रकरणाचा तपास करणारे विशेष सरकारी वकील पॅट्रिक फिट्झगेराल्ड यांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदपत्रांनुसार मुख्यालयात नेमणूक असतानाही ती किमान सात वेळा परदेशी कामगिरीवर गेली होती. चौथा आक्षेप अधिक वजनदार आहे. हेरांची ओळख उघड करण्यावर बंदी घालणारा १९८२चा कायदा मुद्दाम अरुंद ठेवलेला आहे. माहिती फोडणाऱ्याला ती व्यक्ती गुप्त असल्याचे आणि सरकार ती ओळख लपवण्याची खटपट करीत असल्याचे ठाऊक होते, हे सिद्ध करावे लागते. नुसता बेफिकीरपणा त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. तेव्हा आरोप न ठेवला जाणे म्हणजे काही अनुचित घडलेच नाही, असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच प्रत्येक अनुचित कृत्याला देशद्रोह म्हणणेही चुकीचे होते. दोन्ही बाजूंचे वक्ते त्या काळी हा भेद सोयीनुसार विसरत असत. १९९९ साली सीआयएच्या मुख्यालयात भाषण करताना गुप्तहेरांची नावे फोडणारे हे सर्वांत कपटी देशद्रोही होत, अशा आशयाचे उद्गार थोरल्या बुश यांनी काढले होते. चार वर्षांनी ते उद्गार डेमोक्रॅट मंडळींना मुखोद्गत झाले आणि रिपब्लिकन मंडळींच्या स्मरणातून गेले.

पतीला कोणी पाठवले, या प्रश्नावर लेखिकेने दिलेली हकिकत बारकाईने वाचण्यासारखी आहे. तिच्या सांगण्यानुसार उपाध्यक्षांच्या कार्यालयातून विचारणा आल्याने एक कनिष्ठ सहकारी गोंधळलेली होती. तेवढ्यात तेथून जाणाऱ्या दुसऱ्या एका सहकाऱ्याने विल्सन यांचे नाव सुचवले. मग वरिष्ठांनी सांगितले म्हणून तिने ईमेल लिहिला. सेनेटच्या गुप्तचर समितीच्या जुलै २००४च्या अहवालात मात्र त्याच लेखी संदेशातील, पतीचे नायजरच्या पंतप्रधानांशी आणि माजी खाणमंत्र्यांशी चांगले संबंध असल्याचे सांगणारे वाक्य उद्धृत केलेले आहे, आणि नाव तिनेच पुढे केले असा अर्थ तिघा रिपब्लिकन सदस्यांनी काढला. मला लेखिकेची हकिकत विश्वासार्ह वाटते. कोणत्याही सरकारी कचेरीत नाव असेच पुढे येते. एकाने सुचवायचे, दुसऱ्याने मान डोलवायची आणि तिसऱ्याने कागदावर उतरवायचे. तरीही कागदावरची अक्षरे तिची होती, आणि पत्नीचा या निवडीशी संबंध नव्हता असे विल्सन यांनी इतक्या ठामपणे सांगायला नको होते. पुस्तक या अडचणीच्या जागी थांबायला हवे होते त्याहून कमी थांबते.

त्याहून मोठी उणीव रिचर्ड आर्मिटेज यांच्याबाबतीत आहे. विल्सन यांची पत्नी सीआयएत असल्याचे नोव्हाक यांना सर्वप्रथम सांगणारा माणूस व्हाइट हाउसमधला नव्हताच. परराष्ट्र खात्याचे उपमंत्री असलेले आणि युद्धाविषयी फारसे उत्साही नसलेले आर्मिटेज यांनी गप्पांच्या ओघात ते सांगितले, आणि सप्टेंबर २००६मध्ये त्यांनी त्याची जाहीर कबुली दिली. तपास यंत्रणेला तर हे ऑक्टोबर २००३मध्येच कळले होते. व्हाइट हाउसने केलेला विश्वासघात असे उपशीर्षकातच ठणकावणाऱ्या पुस्तकाला ही वस्तुस्थिती अडचणीची आहे. नोव्हाक यांना दुजोरा देणारा दुसरा माणूस म्हणजे बुश यांचे सल्लागार कार्ल रोव्ह, हे खरे. उपाध्यक्ष डिक चेनी यांनी विल्सन यांचा लेख कापून त्याच्या माथ्यावर, याला बायकोने सहलीवर पाठवले काय, अशा अर्थाचा प्रश्न स्वहस्ते लिहिल्याचे पुढे उल्लेखिलेल्या खटल्यात दाखवले गेले, हेही खरे. पण एकीकडे हेतुपुरस्सर चाललेली बदनामी आणि दुसरीकडे एका बड्या अधिकाऱ्याचा वाचाळपणा, अशा दोन गोष्टी एकाच आठवड्यात शेजारी शेजारी घडल्या, ही गुंतागुंत पुस्तकाने अधिक प्रामाणिकपणे मांडली असती तर त्याची बाजू दुबळी होण्याऐवजी भक्कमच झाली असती.

चेनी यांचे कार्यालयप्रमुख लुईस ‘स्कूटर’ लिबी यांच्यावरील खटल्याचा भाग धावता आहे. प्लेम सीआयएत असल्याची माहिती आपल्याला टिम रसर्ट या पत्रकाराकडून मिळाली, असे लिबी शपथेवर सांगत होते. त्यांच्या स्वतःच्या टिपणवहीत मात्र जून २००३मध्ये ती चेनी यांनीच दिल्याची नोंद होती, आणि रसर्ट यांनी साक्षीत साफ इन्कार केला. ६ मार्च २००७ रोजी खोटी साक्ष देणे, तपासात अडथळा आणणे अशा पाचपैकी चार आरोप सिद्ध झाले, तीस महिन्यांची शिक्षा झाली, आणि २ जुलै रोजी बुश यांनी तुरुंगवास माफ केला. ज्यांना या खटल्याचा तपशील हवा आहे त्यांनी या पुस्तकावर विसंबू नये. लेखिका येथे प्रेक्षक आहे आणि तिचा राग समजण्याजोगा असला तरी त्यातून नवी माहिती मिळत नाही.

भारतीय वाचकाला हे पुस्तक वाचताना एक तुलना टाळता येणार नाही. ज्या सप्टेंबरमध्ये प्लेम यांचे पुस्तक छपाईच्या मार्गावर होते, त्याच सप्टेंबर २००७मध्ये आपल्याकडे रॉमधून निवृत्त झालेले मेजर जनरल व्ही. के. सिंग यांच्यावर त्यांच्या पुस्तकाबद्दल गोपनीयता कायद्याखाली सीबीआयने गुन्हा दाखल केला. आपला तो कायदा १९२३चा आहे. पट्ट्या मारून का होईना, पण पुस्तक छापू देणारी आणि त्या पट्ट्यांवरून संस्थेला न्यायालयात खेचू देणारी व्यवस्था कितीही त्रासदायक असली तरी ती आपल्यापेक्षा वेगळी आहे, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

विकत घेण्याविषयी सांगायचे तर, पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने वाचू नये. आधी रोझेन यांचे टिपण पूर्ण वाचावे, मग १४ जुलैच्या प्रकरणापासून पुढे जावे, आणि परदेशी नेमणुकीची प्रकरणे सर्वांत शेवटी, टिपण शेजारी उघडे ठेवून वाचावीत. तसे केल्यास पट्ट्यांखाली काय असावे याचा बराचसा अंदाज येतो आणि कंटाळ्याची जागा कुतूहल घेते. इंग्रजी सोपे आहे, पण अमेरिकी प्रशासनातील पदांची आणि संक्षिप्त नावांची गर्दी बरीच आहे. कथन २००७मध्ये थांबते, त्यामुळे पुढचे इतरत्र शोधावे लागेल: नोव्हाक २००९मध्ये वारले, विल्सन २०१९मध्ये, आणि १३ एप्रिल २०१८ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी लिबी यांना संपूर्ण माफी दिली, तेव्हा दोन्ही पक्षांच्या प्रवक्त्यांनी २००७मधलीच वाक्ये जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा उच्चारली.