तंजावर: शनिवार-रविवारचा निवांत मुक्काम

आपल्याकडची बहुतेक माणसं तंजावर बघतात ती मदुराई-रामेश्वरच्या वाटेवर. बसमधून उतरायचं, मोठ्या देवळासमोर फोटो काढायचे, पुन्हा बसमध्ये. आम्ही ज्या सहल कंपनीकडे चौकशी केली, तिच्या आखणीत तंजावरच्या वाट्याला दुपारचे दोन तास होते. दुपारी गाभारा बंद असतो, दगडी फरशी तव्यासारखी तापते आणि राजवाडा तर यादीतच नव्हता. म्हणून मी, आई आणि माझा मुलगा असे आमचे आम्हीच गेलो. शुक्रवारी रात्री चेन्नईहून निघून रविवारी रात्री परत, मध्ये फक्त तंजावर. माझं मत आधीच सांगते: मराठी वाचता येणाऱ्या माणसाने या शहराला सबंध शनिवार-रविवार द्यावा, आणि कुंभकोणम, चिदंबरम वगैरे त्यात कोंबू नये.

जायचं कसं, हे थोडक्यात. चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून उळवन एक्सप्रेस रात्री सुटते आणि सकाळी तंजावरला सोडते. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे खालचा बर्थ मिळेल अशा बेताने बरंच आधी आरक्षण केलं. विमानाने यायचं तर त्रिची गाठावं, तिथून रस्त्याने तास-सव्वा तास लागतो. हवा डिसेंबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत चांगली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडचा पाऊस असतो, आणि एप्रिल-मे मध्ये म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊच नये. मुक्कामाचं हॉटेल मात्र बसस्टँडपासून लांबचं घ्या. आमचं जवळ होतं आणि पहाटे चारपासून हॉर्न सुरू व्हायचे. खोली स्वच्छ होती, माणसंही अदबीची होती, पण झोपेचं खोबरं झालं.

बृहदीश्वराचं देऊळ दोनदा बघायचं, एकदा संध्याकाळी आणि एकदा सकाळी. राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलेलं हे काम, सगळं ग्रॅनाइटमध्ये, आणि विमान म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर 200 फुटांच्या आसपास उंच. संध्याकाळी उन्हं उतरली की दगड मधासारखा पिवळा होतो आणि गावातली कुटुंबं डबे घेऊन अंगणात येऊन बसतात. पोरं पळत असतात, आज्या पाय पसरून गप्पा मारत असतात. आईला खांबाला टेकून बसवलं तर तिने तासभर उठायचं नाव काढलं नाही. देऊळ युनेस्कोच्या यादीत 1987 पासून आहे, पण गावाने ते आपलं अंगणच ठेवलंय, याचं मला फार कौतुक वाटलं.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं आम्हाला एका गाइडने ठासून सांगितलं, आणि तेव्हा आम्ही सावलीतच उभे होतो. इतक्या थोर बांधकामाला असल्या भाकडकथेची गरज नाही. गाइड करायचाच असेल तर चोळांचे शिलालेख दाखवशील का, असं आधी विचारा. जोत्यावर ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत; देवळाला काय दान मिळालं, कोण नर्तकी नेमल्या, दिव्याच्या तुपाची व्यवस्था काय, सगळा हिशेब दगडावर आहे.

सकाळची फेरी मराठी शिलालेखासाठी. तंजावरच्या मराठी गादीवरच्या दुसऱ्या सर्फोजीराजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतींवर कोरून घेतला, मराठीत आणि देवनागरीत. बसमधून आलेल्या लोकांना तिकडे कुणी नेत नाही. गणपतीच्या देवळाच्या बाजूला विचारत विचारत जा. अक्षरं लहान आहेत, समोरून बघितलं तर भिंत नुसती खडबडीत वाटते. मुलाने मोबाइलचा टॉर्च भिंतीला लागून, आडवा धरला आणि अक्षरं एकदम उठून आली. शब्द एकमेकांना चिकटून येतात, त्यामुळे पहिली ओळ लावायला वेळ लागतो. मग एखादं ओळखीचं नाव सापडतं आणि त्याच्या मागचं-पुढचं सुटत जातं. आई बोट हवेत फिरवत मोठ्याने वाचत होती. "अगं, वाचता येतंय की सगळं," ती म्हणाली आणि चष्मा पुसून पुन्हा भिंतीला लागली. भिंतीला हात लावायचा नाही, हे मुलांना आधी बजावून ठेवा. आणि जाड मोजे घ्या. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि साडेदहानंतर फरशीवर पाय टेकवत नाही.

शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतलं आणि 1855 मध्ये इंग्रजांनी ते खालसा करेपर्यंत इथे भोसल्यांची गादी होती. शाळेत आपल्याला दक्षिण दिग्विजयाच्या धड्यात व्यंकोजी भेटतात आणि धडा संपला की तेही संपतात. त्यांचा मुलगा शहाजी इथे बसून मराठीत नाटकं लिहीत होता, मराठी रंगभूमीची सुरुवात मानल्या जाणाऱ्या, सांगलीत 1843 साली झालेल्या प्रयोगाच्या सुमारे दीडशे वर्षं आधी, हे मला नोकरीला लागल्यावर कुठेतरी वाचून कळलं. याची खंत आहे, म्हणून तर एवढं लिहितेय.

राजवाड्याला शनिवारची सकाळ द्या. वाडा मूळचा नायक राजांचा, पुढे मराठ्यांनी वाढवलेला. आत दरबार, कलादालन आणि सरस्वती महाल ग्रंथालय असं वेगवेगळं बघायचं असतं. तिकिटंही वेगळी काढावी लागतात, ती जपून ठेवा. कलादालनात चोळांच्या पंचधातूच्या मूर्ती आहेत. सगळ्या बघायचा अट्टहास नको. तिरुवेंकाडूहून आलेला वृषभवाहन शिव शोधा, साधारण 1011 सालचा. एक पाय दुसऱ्यापुढे तिरका टाकून तो बैलाला रेलून उभा आहे, पण बैल आता नाही. कोपर वाकलेलं, पंजा सैल सोडलेला, जणू खाली अजून बैलाची पाठ आहे. डोक्यावर केस असे गुंडाळलेत की मुंडासं बांधल्यासारखं दिसतं. शेजारी पार्वती. मी पुतळ्याला फेरी मारून मागून पाहिलं, आणि पाठीचा तो किंचित बाक बघून तिथेच थांबले. अख्ख्या प्रवासात मला सर्वांत जास्त काय दिलं, तर या एका मूर्तीने.

सरस्वती महाल ग्रंथालयाची पोथ्यांची दालनं अभ्यासकांसाठी. आपल्यासाठी शेजारचं छोटं संग्रहालय. नायकांच्या काळापासूनचा हा संग्रह सर्फोजींनी वाढवला, 1918 मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. ताडपत्रं, मोडीतले कागद, आणि माणसांचे चेहरे प्राण्यांशी ताडून काढलेली फ्रेंच चित्रकार शार्ल लब्रन याची चित्रं. मुलगा तिथून हलेना. सर्फोजी राजा स्वतः नेत्रवैद्यकात रमलेला होता; त्याच्या धन्वंतरी महाल या वैद्यकशाळेतल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट, या ग्रंथालयाने जपल्या आहेत. ग्रंथालयाची स्वतःची प्रकाशनंही विकायला असतात, त्यांत मराठीही. पिशवी रिकामी न्या.

वेळ उरला तर शिवगंगा बागेतलं श्वार्ट्झ चर्च, 1779 चं. आत इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनने कोरलेलं संगमरवरी शिल्प आहे: मृत्युशय्येवरचे मिशनरी श्वार्ट्झ आणि त्यांचा हात धरलेला सर्फोजी, आपल्या गुरूला निरोप देताना. उघडं असेल तरच बघायला मिळतं.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही, केळीच्या पानावरचं साधं जेवण जवळजवळ सगळीकडे चांगलं मिळालं. पण रविवारी सकाळी इडलीबरोबर कडप्पा मागा. मूगडाळ आणि बटाट्याची पातळ, फिकट रंगाची भाजी, ओलं खोबरं, खसखस आणि हिरवी मिरची वाटून घातलेली. सांबारासारखी आंबट नसते, पोटाला जड होत नाही, आणि आईने चक्क दुसऱ्यांदा मागून घेतली. वर फिल्टर कॉफी, डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, पेल्यात ओतलेली.

रविवारची दुपार झोपेत घालवा, तेवढ्यासाठीच तर निवांत यायचं. ऊन कलल्यावर रिक्षाने तिरुवैयारूला जाता येतं, 13 किलोमीटर. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी कावेरीकाठी आहे. गावात अशोका हलवा मिळतो, मूगडाळीचा, तूप सुटलेला, केशरी. तो गरमच खावा, घरी आणलेला थिजतो आणि त्यात मजा राहत नाही. रिक्षाचं भाडं जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट आधीच ठरवा.

खरेदीत दोन गोष्टी घेण्यासारख्या. मान हलवणारी तंजावर बाहुली स्वस्त असते, हलकी असते, पण फुटते. कपड्यांच्या मधोमध ठेवा. तंजावर चित्र घेताना मात्र घाई नको. फळीवर खडूच्या लगद्याने उठाव देऊन वर सोन्याचा वर्ख लावतात आणि खडे बसवतात. स्वस्त चित्रात वर्ख नकली असतो आणि काही वर्षांत काळवंडतो. देवळाजवळच्या एका दुकानात मला "सगळं अस्सल" असं सांगितलं, बिलावर तसं लिहून द्या म्हटल्यावर मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. तमिळनाडू सरकारच्या पूम्पुहार दुकानात शांतपणे दोन-चार चित्रं शेजारी ठेवून दाखवली, वर्खाचा फरकही समजावून सांगितला. चित्र छोटं घ्या, वर्ख खरा घ्या, आणि बिलावर सोन्याचा उल्लेख असल्याशिवाय पैसे देऊ नका.