क्लासची बॅच: मुलंमुली एकत्र की वेगळी? पैसे भरायच्या आधी हे बघा

उन्हाळी शिबिरांचे फॉर्म निघाले की हा प्रश्न येतोच, मुलीला मिक्स बॅचला घालायचं की फक्त मुलींच्या. माझं मत आधीच सांगते, अकरा-बारा वर्षांपर्यंत बिनधास्त एकत्र घाला, पुढे खेळ कुठला आहे त्यावर ठरवा.

खो-खो घ्या. नऊ वर्षांची मुलगी हूल देऊन तिच्याच वयाच्या मुलाच्या हातून आरामात निसटते, आणि अकराव्या-बाराव्या वर्षी तर कितीतरी मुली उंचीने मुलांच्या पुढेच असतात, मग या वयात "मुलींना झेपणार नाही" म्हणून वेगळं काढण्यात काय अर्थ आहे? २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर.

कबड्डीचं तसं नाही. घोटा धरायचा, मांडीला मिठी मारायची, साखळी करून रेडरला बाहेर ढकलायचं, सगळा खेळ अंगाशी अंग भिडवून. मुलं वयात आली की त्यांची ताकद आणि वजन झपाट्याने वाढतं, तिथे वेगळी बॅचच बरी, नाहीतर दुखापत ठरलेली. शिवाय पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर आणि बायकांचं १२ बाय ८, त्यामुळे मुलीला मोठेपणी स्पर्धेत उतरायचं असेल तर त्या मापाच्या मैदानावर सराव लागतोच.

बुद्धिबळात मात्र नुसती मुलींची बॅच मला अजिबात पटत नाही. स्पर्धांमध्ये मुलींचा वेगळा गट असतो तो असू दे, पण ओपन गट म्हणजे फक्त मुलांचा नव्हे, मुलीही खेळू शकतात, आणि सरावाला समोर जितका तगडा खेळाडू तितकं चांगलं. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये १९ व्या वर्षी महिलांचा वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली, ती ओपन स्पर्धाही खेळत आलीय.

आता वेगळ्या बॅचचा खरा फायदा. लाजरी मुलगी तिथे मोकळी होते, बॉल सारखा मुलांकडेच जात नाही. पाळी सुरू झाल्यावर मिक्स बॅचला फक्त सर असतील तर मुली काही न बोलता यायच्या बंद होतात, घरी सांगतात पोट दुखतंय. मल्लखांबात तर कमरेला, पाठीला हात देऊन आधार दिल्याशिवाय नवीन मुलांना शिकवताच येत नाही, तिथे बॅच कुठलीही असो, शिकवायला एखादी ताई आहे का हे आधी विचारा.

आणि तोटा असा की मुलींच्या बॅचला बहुतेक वेळा उरलेली वेळ मिळते. पोहण्याची लेडीज बॅच भर दुपारी, जेव्हा शाळकरी मुलगी येऊच शकत नाही, किंवा ग्राउंडचा कोपरा, किंवा मुलांना मुख्य कोच, आणि मुलींना मात्र नुकताच शिकून आलेला पोरगा. म्हणून फी भरायच्या आधी एकदा चालू बॅचच्या वेळी जाऊन उभे रहा, कोण शिकवतंय, किती वेळ, मॅटवर की मातीत, ते बघा, आणि तिथल्या मुलींच्या टॉयलेटला कडी आहे का तेही बघून या.

मुलाच्या आईबाबांनाही सांगते, तुमच्या पोराला कथक शिकायचंय आणि क्लास म्हणतोय आम्ही फक्त मुली घेतो, तर गप्प बसू नका, दुसरा क्लास शोधा, कारण पुरुष नर्तकांशिवाय कथक कधी नव्हतंच.