डीबी स्पेक्ट्रम प्लसवर गेम लिहायला शिकताना : काही महिन्यांच्या वापरानंतर

ज्याला जुने गेम नुसते खेळायचे आहेत त्याने डीबी स्पेक्ट्रम प्लस या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरच्या नादी लागू नये. मोबाईलवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाकला की काम झालं. ज्याला स्वतः छोटे गेम लिहायचे आहेत त्याच्यासाठी मात्र हा अनुभव जरा सविस्तर लिहितोय.

आमच्याकडचा डीबी स्पेक्ट्रम प्लस नाशिकरोडच्या एका परिचितांनी माळा आवरताना काढून दिला. 1982 साली आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमची प्लस आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन इथे बनवली, तीच ही. आत 3.5 मेगाहर्ट्झचा झेड-80 प्रोसेसर आणि 48 के मेमरी. पडदा 256 बाय 192 ठिपक्यांचा. बटण दाबलं की लगेच बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा समोर हजर.

टीव्हीला जोडण्यात मात्र आमचा बराच वेळ गेला. मूळ सोय अँटेनाच्या सॉकेटची, चॅनल 36 ची, आणि नव्या एलईडीवर चित्र नुसतं पोहत होतं. शालिमारजवळच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी चित्राचं टीव्ही चॅनलच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या मॉड्युलेटरला वळसा घालून सरळ व्हिडिओची वायर बाहेर काढून दिली. तेव्हापासून चित्र स्वच्छ आहे.

टायपिंगची पद्धत सुरुवातीला विचित्र वाटते. 'पी' दाबलं की 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटतो, 'जी' ला 'गो टू', 'एच' ला 'गो सब'. आठवीतली भाची पहिल्या दिवशी वैतागली, पण आठवड्याभरात तिचा हात माझ्यापेक्षा जलद चालू लागला. याचा मोठा फायदा असा की कमांडचं स्पेलिंग चुकायची सोयच नाही. ओळीत काही खटकलं तर एंटर दाबल्यावर मशीन ती स्वीकारत नाही, नेमक्या जागी लुकलुकतं प्रश्नचिन्ह दाखवतं. शिकणाऱ्यासाठी ही गोष्ट फार मोलाची.

आता गेमबद्दल. विषय भाचीनेच निवडला : गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा पूर. धरणातून पाणी सोडलं की नाशिककर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पूर मोजतात, पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला, की छातीला. तेच पडद्यावर आणायचं. खालच्या 21 व्या ओळीपासून पाणी एकेक ओळ चढतं, आणि घाटावरच्या दुकानदाराने 'ओ' आणि 'पी' या कळांनी डावी-उजवीकडे पळत गाठोडी वर पोचवायची.

स्पेक्ट्रमचं बेसिक मंद आहे हे सगळेच सांगतात. ते का मंद आहे हे या गेममुळे कळलं. पाण्याची एक ओळ भरायला फॉर-नेक्स्ट (तीच कृती पुन्हापुन्हा करवणारा लूप) लावून 32 वेळा प्रिंट केलं तर पाणी डोळ्यांदेखत रांगत सरकतं. तेच 32 रिकाम्या जागांची एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, करून, कागद (मागचा रंग) निळा ठेवून एकदाच छापली की ओळ झटक्यात भरते. दुसरं असं की गो टू किंवा गो सब, म्हणजे दुसऱ्या ओळीवर उडी मारायची कमांड, आलं की मशीन हवी ती ओळ प्रोग्रामच्या पहिल्या ओळीपासून शोधत येतं. म्हणून माणूस हलवणारी सबरूटीन (प्रोग्राममधला पुन्हापुन्हा लागणारा तुकडा) आम्ही अगदी वर ठेवली, आणि टायटल, सूचना, आकृत्यांचे आकडे 9000 च्या पुढे ढकलले. व्हेरिएबलं, म्हणजे आकडे ठेवायची नावं, हीही तशीच शोधली जातात, त्यामुळे सतत लागणारी आधी जाहीर करायची. एवढ्या फेरफारांनी गेममध्ये जीव आला. आजच्या लॅपटॉपवर हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही, कारण तिथे काहीही लिहिलं तरी पळतं.

माणूस बुडाला हे ओळखायचं कसं? पडद्यावरच्या एखाद्या घरात (8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकोनात) काय छापलंय हे सांगणारं 'स्क्रीन-डॉलर' नावाचं फंक्शन आहे, पण आपण स्वतः काढलेल्या आकृत्या त्याला ओळखता येत नाहीत. मग रंग विचारायचा. प्रत्येक घराच्या रंगाचा एक आकडा असतो : कागदाच्या रंगाला आठने गुणायचं आणि शाईचा, म्हणजे अक्षराचा, रंग मिळवायचा. पाण्याचा कागद निळा, म्हणजे 1, आणि शाई पांढरी, म्हणजे 7. उत्तर 15. माणसाच्या पुढच्या घराचं 'एटीटीआर', म्हणजे हाच आकडा, 15 आलं की खेळ खल्लास. हे भाचीने वहीत गुणाकार करून पडताळलं आणि मगच मान्य केलं.

एका घरात दोनच रंग मावतात, ही मर्यादा खरीच त्रासाची. पाण्याच्या कडेला उभा माणूस स्वतःबरोबर पिवळा चौकोन घेऊन हिंडायचा. छापताना कागद 8 दिला, म्हणजे आधीचाच रंग तसाच ठेव, की ते बरंच झाकलं जातं. पुरतं मात्र जात नाही.

आवाजात एक गंमत आहे. पाणी ठराविक ओळीला पोचलं की घाटाजवळच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा वाजावी म्हणून 'बीप' ही आवाजाची कमांड टाकली. पण बीप वाजत असताना प्रोसेसर दुसरं काहीच करत नाही. "मामा, घंटा वाजली की पूरच थांबतोय!" मग घंटेचे बारीक तुकडे केले आणि लूपच्या प्रत्येक फेरीत एकेक वाजवला. घंटा जरा खोकल्यासारखी वाजते, पण पाणी थांबत नाही.

सगळ्यात जास्त रमलो ते टायटलमध्ये. आपल्या आकृत्यांसाठी जागा 21 च, प्रत्येक 8 बाय 8 ठिपक्यांची, त्यामुळे अख्खी देवनागरी बसवणं अशक्य. फक्त 'पूर' हा शब्द बसवला. वरच्या प्रत्येक घराची पहिली ओळ 'बिन 11111111', म्हणजे आठही ठिपके भरलेली, ठेवली की शेजारची घरं आपोआप जुळून सलग शिरोरेखा तयार होते. ऊकारासाठी खालच्या ओळीत वेगळं घर द्यावं लागलं. ते टायटल पाहून माझी आई म्हणाली, "आता कुठे मराठीत दिसतंय काहीतरी."

दोघांनी खेळायचं तर कुठली कळ दाबली हे सांगणारं 'इन-की' चालत नाही. दोन कळा एकदम दाबल्या की ते रिकामं उत्तर देतं. त्यासाठी 'इन 64510' आणि 'इन 57342' वाचून कीबोर्डच्या दोन अर्ध्या ओळी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. ते काम सध्या चालू आहे.

साठवण हा सगळ्यात रटाळ भाग. कॅसेटवर सेव्ह करा, मग 'व्हेरिफाय' करून ते नीट साठलं का हे तपासाच, नाहीतर मेहनत पाण्यात. 48 के चा मोठा प्रोग्राम चढायला चार-पाच मिनिटं लागतात. तोवर कडेच्या लाल-निळसर आणि मग निळ्या-पिवळ्या पट्ट्या बघत बसायचं. कॅसेटवर प्रोग्राम आवाजाच्या रूपात असतो, तो आवाज मोबाईलमधून इअर सॉकेटला दिला तरी चालतो, फक्त व्हॉल्यूम पूर्ण हवा. आणि पावसाळ्यात लाईट लपकली की मेमरी साफ होते. कॉम्प्युटरचा जुना यूपीएस जोडल्यापासून तो घोर मिटला.

घ्यायचंच असेल तर आधी फ्यूज हा मोफत एम्युलेटर महिनाभर वापरा. गोडी लागली तरच मशीन शोधा. विकणाऱ्यासमोर एकेक कळ दाबून बघा, कारण या कीबोर्डच्या आतली मेम्ब्रेन (कळांखालचा पातळ प्लॅस्टिकचा पडदा) वयाने कडक होऊन तडकते. नवी मेम्ब्रेन मिळते, पण तो खर्च धरून भाव आधीच कमी करून घ्या. आणि अडॅप्टर घरातला कुठलाही लावू नका. याला 9 व्होल्ट लागतात आणि पिनच्या मध्यभागी निगेटिव्ह असतं, बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरांच्या नेमकं उलट. मल्टीमीटर लावून तपासल्याशिवाय पिन आत घालू नका.