ध्रुवीय बर्फ: प्रवाहांचा हात मोठा की चक्रांचा?

खडकवासल्यात पाणी किती, या काळजीपायी एल निनो, म्हणजे प्रशांत महासागर अधूनमधून तापून पाऊस बिघडवणारं नैसर्गिक चक्र, पुण्यात घरोघरी पोचलाय. म्हणूनच पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत काम करणारं कुणी भेटलं की प्रश्न येतोच, "ध्रुवावरचा समुद्री बर्फ घटतोय तेही नैसर्गिक चक्रच ना?"

उत्तर ध्रुवाकडे मला समुद्री प्रवाहांचं पारडं जड वाटतं. अटलांटिकचं कोमट, खारट पाणी ग्रीनलंड आणि स्वालबार्डमधल्या फ्राम सामुद्रधुनीतून आणि नॉर्वे-रशियाच्या उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रातून आत शिरतं. एरवी वरचा थंड, कमी खारट थर ती उष्णता खालीच दाबून ठेवतो, दुधावरच्या सायीसारखा. बॅरेंट्समध्ये ही साय पातळ होतेय, त्यामुळे भर हिवाळ्यातही तिथे पूर्वीइतका बर्फ धरत नाही. चक्रं आहेतच, पण ती वर-खाली होतात. 1979 पासूनच्या उपग्रह नोंदींत सप्टेंबरची, म्हणजे वर्षातल्या सर्वांत कमी बर्फाची, रेघ मात्र एकंदरीत उतरतच गेली. सप्टेंबर 2012 मध्ये बर्फ जेमतेम 34 लाख चौरस किलोमीटर उरला होता. त्यानंतरची वर्षं तितकी खाली गेली नाहीत, यात चक्रांचा वाटा असू शकतो. तेवढं श्रेय त्यांना द्यावं.

दक्षिणेचा मामला वेगळा. तिथे अंटार्क्टिका खंडाभोवती फिरणारा प्रवाह उत्तरेचं गरम पाणी बरंचसं अडवतो, आणि बर्फ कुठे पसरेल हे वारे ठरवतात. एल निनोचा हात या वाऱ्यांमार्फत इथेच दिसतो. 2014 मध्ये हिवाळ्यातला बर्फ 2 कोटी चौरस किलोमीटरवर गेला, हा विक्रमी उच्चांक; तर फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या उन्हाळ्यातला बर्फ 18 लाखांच्याही खाली आला, हा विक्रमी नीचांक. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक दरवर्षीचाच, पण विक्रमी उच्चांकाकडून विक्रमी नीचांकाकडे ही घसरण नुसत्या वाऱ्यांनी होईल? खोलातलं गरम पाणी वर येत असल्याचा संशय आता बळावलाय.