जहाजावरचं इंग्रजी : कोर्स केला, मग खरंच जहाजावर गेले

आधी पैशांचं सांगते. १,८०० रुपये, २४ धडे, सोबत टपालानं आलेली पुस्तिका आणि दर रविवारी अर्धा तास व्हिडिओ कॉल. धडे फोनवर ऐकायचे, एकेक बारा-पंधरा मिनिटांचा. सगळा कोर्स एका जहाजावर घडतो. पहिल्या धड्यात व्हँकुव्हरच्या धक्क्यावर बॅगा द्यायच्या, चोविसाव्यात परत तिथंच उतरायचं, मधे अलास्का. समजावणं गुजरातीत. कोर्सचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि चालवणारी मुलगी धडपडी आहे. डांडिया बाजारात भेटलात तर सांगेन.

मी पोस्टात ३१ वर्षं काउंटरवर होते. इंग्रजी फॉर्म डोळे मिटून भरेन, पण कुणी समोर उभं राहून इंग्रजीत विचारलं की जीभ टाळूला चिकटते. बडोद्यात तशी वेळही येत नाही; घरात मराठी, जिन्याखाली उतरलं की गुजराती. मुलगा कॅल्गरीत आहे. त्यानं जुलैत आम्हा दोघांना बोलावलं आणि व्हँकुव्हरहून सात दिवसांची अलास्काची क्रूझ काढली. सून म्हणाली, ‘आई, सगळं मीच बोलेन.’ ते ऐकलं आणि त्याच रात्री पैसे भरले. आमचे सयाजीराव महाराज बाराव्या वर्षी कवळाण्याहून बडोद्याला आले तेव्हा अक्षरओळखही नव्हती, मग इलियट साहेबांच्या हाताखाली शिकले. मी बासष्टची, पण निदान एबीसीडी येत होती.

कोर्समधली खरी अक्कल अशी की प्रत्येक शब्दाला एक जागा दिलीय. पाठांतराच्या यादीतला शब्द आठ दिवसांत उडतो. जागेवर ठेवलेला राहतो. आमचं घर जुन्या पद्धतीचं, रुंदीला बेताचं आणि मागे लांबच लांब, म्हणजे जहाजच. पुढची खोली ‘बो’, मागची मोरी ‘स्टर्न’, स्वयंपाकघर ‘गॅली’. पुढे तोंड करून उभं राहिलं की डावीकडचा जिना ‘पोर्ट’, उजवीकडचं देवघर ‘स्टारबोर्ड’. पूर्वी सुकाणूचं वल्हं जहाजाच्या उजव्या अंगाला असायचं, त्यावरून स्टारबोर्ड. डाव्या बाजूला आधी ‘लारबोर्ड’ म्हणत. वाऱ्यात दोन्ही सारखंच ऐकू यायचं, म्हणून ब्रिटिश नौदलानं १८४४मध्ये ‘पोर्ट’ पक्कं केलं. हे सगळं नवव्या धड्यात फार छान सांगितलंय. महिनाभर मी ह्यांना ‘चष्मा स्टारबोर्डला आहे’ असंच सांगत होते आणि तो त्यांना सापडतही होता.

धडे ऐकायला मी सकाळी कमाटीबागेत जायचे, कानात इअरफोन घालून. बाई बोलली की थांबा, मग आपण म्हणा, अशी पद्धत. ‘एक्सक्यूज मी, व्हिच वे टु द डायनिंग रूम?’ मी जरा मोठ्यानंच म्हटलं असणार. बाकावरचे एक काका म्हणाले, ‘बेन, डायनिंग तो अहीं नथी, बहार सेव-उसळ मळशे.’

आता तक्रारी. ‘पॉश’ हा शब्द म्हणे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ याची आद्याक्षरं. हिंदुस्थानच्या बोटीवर सावलीच्या बाजूच्या महागड्या केबिन घेणाऱ्या साहेबांवरून आला. मी हे मोठ्या रुबाबात मुलाला फोनवर सांगितलं. त्यानं दोन मिनिटांत शोधून काढलं की ही नुसती दंतकथा आहे, कोशकारांना तसा पुरावाच सापडलेला नाही. बरं, गोष्ट म्हणून सांगा ना, पण ‘इतिहास’ अशा चौकटीत का छापता? रविवारच्या कॉलवर आम्ही चौदाजण, त्यातली दहा मिनिटं ‘बेन, तमारो अवाज नथी आवतो’ यात जायची. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर इंग्रजी कमी, गुलाबाची फुलं जास्त.

पण मुख्य तक्रार मला जहाजावर गेल्यावर कळली.

पहिली संध्याकाळ, डायनिंग रूम. सुनेला डोळ्यांनी गप्प केलं आणि अकरावा धडा जसाच्या तसा म्हटला : ‘मे आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ अगदी स्वच्छ. वेटर मनिलाचा होता, छातीवरच्या बिल्ल्यावर गावाचं नाव होतं. तो हसून म्हणाला, ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग?’ आता ‘स्टिल’ म्हणजे ‘अजून’, हे मला शाळेपासून पाठ. मला वाटलं तो विचारतोय, अजून पाणी मिळालं नाही का? मी म्हटलं, ‘नॉट यट.’ तो उभा, मी बसलेली, दोघंही हसतोय. शेवटी नातीनं सांगितलं, आजी, साधं पाणी की बुडबुड्यांचं?

पुढे रोज हेच. शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन बाईंना वेटरनं कॉफी विचारली, तर त्या म्हणाल्या, ‘आयम गुड.’ मी मनात म्हटलं, तब्येत कुणी विचारली? तर ते ‘नको, पुरे’ असतं. ताटात दोन घास उरलेले असताना वेटर येऊन म्हणतो, ‘स्टिल वर्किंग ऑन दॅट?’ इथला ‘स्टिल’ मात्र ‘अजून’चाच! जेवण चाललंय, त्यात काम कसलं? कोर्सनं मला माझी वाक्यं दिली, समोरच्याची दिलीच नाहीत. नाटकात फक्त स्वतःचे संवाद पाठ करून रंगमंचावर ढकलून द्यावं तसं. शिवाय सगळ्या धड्यांत कॅप्टन, वेटर, डॉक्टर, सगळ्यांचा आवाज त्या एकाच बाईंचा, आपल्याच वळणाचा. जहाजावर मनिला, जकार्ता, टेक्सास असे सगळे उच्चार कानावर येतात. पहिले दोन दिवस मला ‘थँक यू’ सोडून काही कळेना.

एक धडा मात्र पैसे वसूल. निघण्याआधी ‘मस्टर ड्रिल’ असते, म्हणजे संकटात कुणी कुठं जमायचं त्याची तालीम. टायटॅनिक बुडाल्यावर, १९१४ साली जहाजांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, हे धड्यात होतं. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा इशाराही खरा आवाज लावून ऐकवला होता. भोंगा वाजला तेव्हा मुलगा-सून कार्ड शोधत होते आणि मी ह्यांचा हात धरून ‘व्हेअर इज मस्टर स्टेशन सी?’ विचारत दोन जिने उतरले होते. उत्तर हातानं दाखवलं, म्हणून कळलं.

आणि ‘काव्हिंग’. पुस्तिकेत अर्थ दिलाय ‘बरफ तूटवो’. चुकीचा नाही, पण कोरडा. ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत, राष्ट्रीय उद्यानच ते, जहाज दिवसभर असतं. पार्कच्या रेंजर बाई जहाजावर चढतात आणि माइकवर सांगत राहतात. १७९४मध्ये इंग्रज दर्यावर्दी आले तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. आज तेच बर्फ शंभरेक किलोमीटर आत हटलंय, म्हणून जहाज जाऊ शकतं. मार्जरी हिमनदीसमोर इंजिन मंद केलं. दोन स्वेटर, वर शाल, तरी नाक गार. सगळे कठड्याशी गप्प. समोरच्या निळसर भिंतीचा एक कपचा आवाज न करता सुटला, खाली पाणी उसळलं, आणि मग, आपण श्वास सोडेपर्यंत, पलीकडच्या गल्लीत सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज आला. रेंजर बाई ओरडल्या, ‘काव्हिंग!’ ह्यांचं लहानपण गोठ्यात गेलेलं. ते म्हणाले, ‘अगं, काफ म्हणजे वासरू ना? मग हिमनदी व्याली म्हण की!’ खरंच तोच शब्द, गाईचाच. खाली तरंगत आलेल्या तुकड्यांना रेंजर बाई आकाराप्रमाणे ‘बर्गी बिट’, ‘ग्राउलर’ म्हणत होत्या. ह्यांनी सरसकट वासरं म्हटलं.

बाकी बंदरं भराभर. जूनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथं रस्ताच जात नाही; बोट नाहीतर विमान. स्कॅगवेला, सोनं शोधायला माणसांची झुंबड उडाली होती त्या काळातली, १९००मध्ये पुरी झालेली घाटातली रेल्वे आहे. कोर्समध्ये रेल्वेचा एक शब्द नाही. केचिकनला पाऊस, त्याला तिथले लोक ‘लिक्विड सनशाइन’ म्हणतात. हेही कोर्समध्ये नाही. देवमाशाच्या शेपटीला ‘फ्लुक’ म्हणतात, ते होतं. आयुष्यभर कॅरममध्ये क्वीन फ्लुकनं घालवणाऱ्या मला तो शब्द वेगळा पाठ करावा लागला नाही. ‘टेंडर’वर अख्खा धडा खर्च केलाय, म्हणजे किनाऱ्यावर नेणारी छोटी होडी. आमचं जहाज तिन्ही ठिकाणी थेट धक्क्याला लागलं.

पाचपैकी साडेतीन तारे. ज्यांना अजिबात तोंड उघडवत नाही त्यांनी जरूर घ्यावा, रविवारचा कॉल सोडून द्यावा. परत आल्यावर मी त्या मुलीला लांबलचक मेसेज लिहिला, उत्तरांचेही धडे घाला म्हणून. तिनं हात जोडलेली चित्रं पाठवली आणि भूमध्य समुद्राचा नवा कोर्स अर्ध्या किमतीत देऊ केला. अजून घेतला नाही.

पुस्तिका सध्या शेजारच्या वहिनींकडे आहे, त्या ऑक्टोबरात मुलीकडे ह्यूस्टनला निघाल्यात. जहाज नाही, पण पाणी तर मागावंच लागेल. प्रत्येक धड्याच्या समासात मी समोरच्याची वाक्यं पेन्सिलीनं लिहिली आहेत. ती खोडू नका, एवढं त्यांना बजावलंय.