फोरसेल वापरून पाहिलं, मांजरा धरणाच्या शेवाळावर

मी अंबाजोगाईत बीएस्सीच्या पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवतो. धनेगावला मांजरा धरणावरून दोन बाटल्या हिरवं पाणी आणलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत सीनेडेस्मस: चार पेशी, ओळीत चिकटलेल्या. दिसायला सारख्याच. पण पाणी बदललं की हे शेवाळ रूप बदलतं, तेव्हा डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा? म्हणून दोन्हींचं आयटीएस-२ (जाती ओळखायला वापरतात तो जनुकांमधला एक छोटा तुकडा) काढून घेतलं आणि असे तुकडे घडीसकट एकाखाली एक जुळवणारं फोरसेल उघडलं.

हे २००६ सालचं, जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग विद्यापीठातलं सॉफ्टवेअर. फुकट आहे, जावावर चालतं, माझ्या जुन्या लॅपटॉपवरसुद्धा.

आयटीएस-२ चा आरएनए घडी घालून चार बोटांच्या पंजासारखा बसतो. तिसरं बोट सगळ्यांत लांब. बोटांत आरएनएची अक्षरं (ए, यू, जी, सी) जोडीनं उभी. एका नमुन्यात जी-सी आणि दुसऱ्यात त्याच जागी ए-यू असेल, तर जू तेच, बैल मात्र दोन्ही बदललेले. ही सीबीसी, म्हणजे जोडी टिकवणारा दुहेरी बदल; ती दिसली तर जाती वेगळ्या असण्याची शक्यता मोठी. जी-सीचं नुसतं जी-यू झालं तर एकच बैल बदलला, ती अर्धी. फोरसेल अशा जोड्या मोजून तक्ता देतं.

मला आवडलं ते वेगळंच. जुळवताना अक्षर सरकवलं की त्याची घडीही सोबत सरकते. चार अक्षरं, प्रत्येकाच्या तीन अवस्था (एकटं, जोडीतलं डावीकडचं, जोडीतलं उजवीकडचं), अशा बारा खुणांवर ते जुळणी करतं.

घडी मी आरएनएफोल्ड या घडीचा अंदाज देणाऱ्या प्रोग्रॅममधून आणली. ती आधी तपासा: तिसऱ्या बोटाच्या शेंड्याजवळ यूजीजीयू आणि दुसऱ्यात यू-यूची न जुळणारी जोडी दिसली, मगच पुढं जा.

पहिल्याच संध्याकाळी तक्त्यात एक सीबीसी! बायकोला हाक मारली, "अगं, वेगळी जात निघाली!" "अहो, आधी चहा घ्या, निवतोय," ती म्हणाली. चहा संपेपर्यंत लाइट गेली. परत आल्यावर नीट पाहिलं तर जुळणीत मीच हातानं एक रिकामी जागा एक घर पुढं टाकलेली. ती मागं घेतली आणि सीबीसी शून्य.

शून्य म्हणजे एकच जात, असंही नाही. २००७ च्या अभ्यासानुसार सीबीसी असेल तर जात वेगळी असण्याची शक्यता सुमारे ९३ टक्के, नसेल तर जात एकच असण्याची ७६ च्या आसपास. तूर्त दोन्ही बाटल्यांवर एकच चिठ्ठी लावलीय, पेन्सिलनं.