सासऱ्यांच्या डोळ्यातली इंजेक्शनं : नागपूरच्या रेटिना दवाखान्याचा आमचा अनुभव

आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डोळ्यात इंजेक्शन देतात हे कळल्यापासून आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सुरुवात शेताच्या धुऱ्यावर झाली. मामाजी म्हणाले, "बाई, कपाशीचे तासं वाकडे दिसून राह्यले मले." तासं सरळच होती. मग माणसाकडे पाहिलं की कान दिसायचे, तोंडाच्या जागी डाग. तालुक्याच्या चष्मेवाल्याने मोतीबिंदू सांगून नंबर बदलून दिला आणि त्यात मोलाचे महिने गेले, याचा राग अजून आहे. सरळ रेष वाकडी दिसणं हे मोतीबिंदूचं लक्षण नाही. एक डोळा झाकून दाराची चौकट पाहा. वाकडी दिसली तर थेट डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरकडे जा.

नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात ओसीटी स्कॅन, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा फोटो, झाला. पडद्याच्या मधोमध पाणी साचलं होतं. वयामुळे होणाऱ्या पडद्याच्या या आजाराला वेट एएमडी म्हणतात : पडद्याच्या मागून नको त्या कच्च्या रक्तवाहिन्या वाढतात, त्यातून पाणी आणि रक्त झिरपतं. इंजेक्शन त्यांची वाढ रोखतं. मामाजींनी विचारलं, "कितीक सुया लागतीन?" डॉक्टर म्हणाले, "बाबा, निंदण एकदा करून भागते का?" त्यांना तिथेच समजलं. आधी महिन्याला एक अशी तीन, मग स्कॅन पाहून अंतर सहा आठवडे, आठ आठवडे असं वाढवत न्यायचं. तीन झाली की संपलं, असं समजून पुष्कळ लोक येणं सोडतात आणि पाणी पुन्हा साचतं. गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही, उरलेली वाचवायची आहे, हेही डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. या खरं बोलण्यासाठी मी या दवाखान्याला सगळ्यात जास्त गुण देईन.

औषधाच्या बाबतीतही लपवाछपवी नाही. या इंजेक्शनांत अव्हास्टिन सगळ्यात स्वस्त. ते मुळात कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी त्याचा छोटा डोस काढून देतात. रॅनिबिझुमॅब त्याहून महाग. त्याचाच भारतात बनलेला प्रकार रॅझुमॅब 2015 पासून मिळतो. आयलिया आणखी महाग. अमेरिकेत 2011 साली आलेल्या, औषधांची तुलना करणाऱ्या मोठ्या अभ्यासात अव्हास्टिन आणि रॅनिबिझुमॅबने नजरेत जवळपास सारखाच फायदा झाला होता. अव्हास्टिन घ्यायचं तर एवढं विचारा : बाटलीतून डोस कुठे भरता, निर्जंतुक जागेत ना? आम्ही विचारलं तेव्हा कोणी नाक मुरडलं नाही. कास्तकाराच्या घरात वर्षभर झेपेल असंच औषध निवडावं. एक महागडं घेऊन पुढची तारीख चुकवण्यात अर्थ नाही.

सुईची भीती मात्र सगळ्यांना असते. थेंब टाकून डोळा बधिर करतात, बेटाडिनने धुतात, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून चिमटा लावतात आणि "वर पाहा" म्हणून पांढऱ्या भागात बारीक सुई देतात. सगळं काही क्षणांत होतं. मामाजी बाहेर येऊन म्हणाले, "टोचल्यावानी नाही वाटलं वं, दाबल्यावानी वाटलं." संध्याकाळी डोळा चुरचुरतो तो बहुतेक बेटाडिनमुळे. एकदा रात्री पांढऱ्या भागात लालभडक डाग दिसला. फाइलवरच्या नंबरवर फोन लावला, ड्युटीवरच्या डॉक्टरांनी फोटो मागवला, दुखतं का, दिसणं कमी झालं का विचारलं आणि हे वरवरचं रक्त आहे, आपोआप जाईल, असं सांगितलं. तसंच झालं. पण दुखणं वाढलं, लाली वाढली, धुरकट दिसू लागलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. आत जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर डोळा जाऊ शकतो.

आता तक्रार. काउंटरवरची माणसं म्हाताऱ्यांशी फार तुसडेपणाने बोलतात. सूचना सगळ्या इंग्रजीत. बाहुली मोठी करायचे थेंब टाकून तासन् तास बसवतात, त्यामुळे परतीची एसटी हुकायची वेळ येते. बाहेरगावचे आहोत हे नंबर लावतानाच सांगा, मग लवकर घेतात. न सांगता कोणी विचारत नाही. मामाजी पंचाहत्तरीच्या वर असल्याने त्यांना एसटी फुकट, मला अर्धं तिकीट, म्हणून जाणं-येणं तरी परवडतं. थेंबांनी उन्हात डोळे दिपतात, काळा चष्मा आणि सोबतीला माणूस हवाच. जुन्या स्कॅनचे कागद न्या, त्याशिवाय डॉक्टरांना आधीचं आणि आताचं पाणी ताडून पाहता येत नाही.

मामाजींना आता आमचे चेहरे ओळखू येतात. पेपरातली बारीक अक्षरं नाही, मथळे वाचतात. पुढची तारीख ऐन वेचणीत आली आहे. मजूर मिळो न मिळो, आम्ही जाणार आहोत.